नादकाट्याचा दाखला

दि. ९ जानेवारी

सौ. गिटारबाई यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

‘सौ.’ऐवजी ‘कै.’ लिहावयास हवे, हे मला कळते. कचेऱ्यांच्या अर्जांवर मी तसेच लिहितो. घरच्या पत्रात लेखणी तिकडे वळत नाही, एवढी एक चूक तू पदरात घ्यावीस.

तुला जाऊन येत्या बारा तारखेस सात महिने होतील. पहिल्या चार महिन्यांचा वृत्तांत देण्याजोगा नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मी भिंतीकडे पाहत होतो, इतकेच. आपली लेक ग्रंथालयातील कामावरून परते आणि सकाळचा झाकून ठेवलेला चहा तसाच मोरीत ओतून टाकी. सव्वीस वर्षांची झाली तरी तू पाळण्यात ठेवलेले ‘पिपाणी’ हे नाव तिला अजून चिकटून आहे. मात्र त्या दिवसांत ही पिपाणी अगदी मुकी होती. मायलेकींनी वीस-बावीस गावे गाजवली. त्यातील वाजवणारी गेल्यावर गाणारीने कोणाच्या आधाराने गावे?

मग ऑक्टोबरात एका संध्याकाळी तिने तुझी गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि आता तुम्ही वाजवा, असे फर्मावले. मी रीतसर हरकत घेतली. कॉलेजातील चार वर्षे सोडली तर मी ते वाद्य हाती धरलेले नाही, आणि वजनमापे खात्यातील निरीक्षकाची एकतीस वर्षांची नोकरी ही काही संगीताची तालीम नव्हे. त्यावर ती म्हणाली की बोटे गंजली आहेत, तुटलेली नाहीत. आणि आईचे प्रत्येक गाणे तुम्ही भिंतीआडून पाठ केलेले आहे, हे मला ठाऊक नाही असे समजू नका. आईवर गेली आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तुमचीच जुनी खोली घेतली आहे, बुकबाइंडरच्या दुकानावरची. तसाच सरसाचा वास, तसेच पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खाली कागद कापण्याच्या पात्याचा तसाच धप्प आवाज. तुझे दोन्ही नियम मी जसेच्या तसे पाळतो. पहिला, मायक्रोफोन नाही; ज्याला ऐकायचे असेल त्याने खुर्ची पुढे ओढावी. दुसरा, वाद्य ज्याच्या हाती, सूर त्याचा; गाणाऱ्याने वाद्याला बोल लावायचा नाही. पंधराव्या वर्षी पिपाणीने भर कार्यक्रमात गाणे थांबवून आईची तार उतरली आहे, असे श्रोत्यांना सांगितले होते, आणि तू दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हतीस, ते स्मरते.

सूर लावण्याची पद्धतही तुझीच. तुझा नादकाटा, तो पोलादी ट्यूनिंग फोर्क, गुडघ्यावर आपटायचा, त्याची दांडी उजव्या कानामागील हाडाला टेकवायची आणि डाव्या कानाने तार ऐकायची. त्या उजव्या कानात हल्ली सतत किटली उकळत असल्यासारखा आवाज येतो, म्हणून फोन मी डाव्या कानाला लावतो. वयोमानाचा भाग आहे. अधिक चिंताजनक बाब म्हणजे तारा. बारीक तार आठवड्यात दोनदा तुटली. हल्लीच्या मालात पूर्वीचा कस राहिलेला नाही, असे दुकानदारास मी स्पष्ट शब्दांत सुनावले आहे.

जिथे असशील तिथून आम्हा दोघांवर लोभ ठेव.

तुझा,
निरीक्षक

०

दि. ३ मार्च

चि. पिपाणीस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाचा तुम्हा बापलेकींचा कार्यक्रम ऐकून निघाले ती थेट शाळेत गेले आणि खांद्यावरची पर्स न काढता पियानोशी बसले. तुझा शेवटचा सूर डोक्यात घट्ट धरून ठेवला होता. बसमध्ये शेजारची बाई बोलायला लागली, तिला हाताने गप्प केली. माझी कीव येऊन तिने मला खिडकीची जागा दिली! चौतीस वर्षे पोरांना सूर शिकवून माझ्या वाट्याला आलेला हा पहिला मान.

सूर पियानोवर ताडून पाहिला. तुझ्या आईच्या पट्टीच्या पाऊण स्वर वर आहे गं तो! माझा आधी विश्वास बसेना, तीनदा पाहिले. तुमच्या निरीक्षकसाहेबांची गिटार चढी लागते आहे आणि तू बिनबोभाट तिच्यामागे चढते आहेस. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, पण श्रोत्यांचे काय घेऊन बसलीस. गाणारीच्या मानेच्या शिरा दिसल्या की त्यांना गाणे रंगले असे वाटते.

तिसऱ्या गाण्याच्या वरच्या जागेवर तुझ्या आवाजातून नवे कापड टरकावल्यासारखे काहीतरी निघाले. तू खोकल्याचे सोंग केलेस. सोंग तुला जमत नाही. पोटदुखी सांगून शाळा बुडवायचीस तेव्हाही हात गुडघ्यावर असायचा. तुला चढा सूर कळत नाही, असे मी मरेपर्यंत मानणार नाही. मग त्यांना सांगत का नाहीस? असा गळा दुसरा मिळत नसतो, पोरी. उलट टपाली लिही, नाहीतर मी येऊन थडकेन.

माझी माया तू जाणतेस, निराळी काय लिहू?

तुझी,
मावशी

०

दि. ८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कळते गं. दुसऱ्या आठवड्यापासून कळते. आधी केसभर फरक होता, मग पाव स्वर, आता तू म्हणतेस तेवढा. सकाळी उठल्यावर तासभर आवाजच फुटत नाही. गरम पाणी पिते, गळ्याला स्कार्फ बांधते, घरात पाटीवर लिहून बोलते. बाबांना वाटते मी आईसारखा आवाज राखते आहे. त्यांनी कौतुकाने मला नवी पाटी आणून दिली.

सांगत का नाही ते आता फक्त तुला लिहिते. हे पत्र वाचून फाडून टाक. ऑक्टोबरात मला त्यांच्या टेबलाच्या खणात कागद सापडले. घराचे, बँकेचे, विम्याचे, सगळे सुतळीने बांधलेले. वर मला उद्देशून सूचना, क्रमांक घालून, तुला ठाऊक आहे तशा वळणदार अक्षरात. माझ्या पश्चात प्रथम कोणास कळवावे, नंतर कोणास, चष्मा कोणास द्यावा. आणि खाली तारीख होती, मावशी. चार दिवसांनंतरची. त्या संध्याकाळी मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. दुसरे काही सुचलेच नाही. ती तारीख आली तेव्हा ते खोलीत बसून दुसऱ्या गाण्याची सुरावट घटवत होते, आणि मी खालच्या जिन्यावर बसून रडत होते.

एकदा मी गुपचूप उपाय करून पाहिला. ते चहाला खाली गेले तेव्हा सगळ्या तारा उतरवून आईच्या पट्टीत आणल्या. आल्यावर त्यांनी नादकाटा लावला आणि त्यांचा चेहरा असा उतरला! तिच्या वाद्याचे आता दिवस भरत आले, असे म्हणाले आणि सगळ्या तारा पुन्हा चढवल्या. तुमचा सूर चुकतो आहे असे मी सांगितले, तर ते माझ्याशी वाद घालणार नाहीत. मान डोलावतील, गिटार तिच्या पेटीत नीट ठेवतील आणि खिडकीजवळ जाऊन बसतील.

बारा जूनला आईला वर्ष होईल. आमच्या ग्रंथालयाच्या वाचनगृहात तिची बारा गाणी करायची, असे त्यांनी ठरवले आहे. तेवढे होऊ दे. मग मीच सांगेन. तुला माझी शपथ, तू मध्ये पडू नकोस. गळा माझा आहे, आणि बाबा माझेच आहेत.

रागावलीस तरी रागासकट मायेत ठेव.

तुझी,
पिपाणी

०

दि. २२ एप्रिल

सौ. गिटारबाई यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

बारा जूनची तयारी समाधानकारक आहे. बारापैकी नऊ गाणी बसली. पिपाणीचे गाणे आता अधिक तेजस्वी झाले आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पूर्वी ती तुझ्या सुरात विसावत असे, आता तिला सूर जिंकून घ्यावा लागतो. दिवसभर ती बोलत नाही. पाटीवर लिहिते, हसते, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहते की मी जणू कड्याच्या टोकावर उभा आहे. वर्षाचा दिवस जवळ येतो आहे, त्याचा हा परिणाम असावा.

गिटारच्या तारा जिला बांधलेल्या असतात ती घोडी मागील बाजूने उचलली गेली. नखभर फट पडली होती. बुकबाइंडरने तीत सरस भरून वाद्य दोन दिवस दाबाखाली ठेवले. काम उत्तम केले. परंतु परत देताना तो म्हणाला की साहेब, हिचे पोट फुगले आहे, हिला कोणीतरी फार ताणून धरले आहे. लाकूड आहे, हवेने फुगते, असे मी त्यास समजावले. तो मान हलवीत राहिला आणि पुन्हा उचलली तर सरसाने धरणार नाही, असे बजावून गेला.

तारांचे काय करावे हे कळत नाही. एप्रिलमध्ये पाच तुटल्या. काल एक तुटली ती पिपाणीच्या गालास लागली. रेघ उमटली, रक्त आले नाही. मी घाबरलो, ती मात्र गाणे न सोडता शेवटपर्यंत गायली. गाणे संपल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. हाक मारली तर वळली नाही. नंतर पाटीवर लिहून दाखवले की ठसका लागला होता.

बँकेतील कारकुनाने परवा मला तीनदा हाक मारली म्हणे. तो माझ्या उजव्या हाताला होता. लोक हल्ली फार पुटपुटतात.

आमच्या कष्टांवर तुझी नजर असू दे.

तुझा,
निरीक्षक

०

दि. २० मे

श्री. निरीक्षकसाहेब यांस,
स. न. वि. वि.

थट्टेची सवय आहे म्हणून हे पत्र थट्टेवारी नेऊ नका. कोणाची तरी शपथ मोडून लिहिते आहे आणि त्याबद्दल ती मला वर्षभर तोंड दाखवणार नाही. तुमची गिटार चढी लागते. मार्चमध्ये पाऊण स्वर चढी होती, परवा ऐकली तेव्हा पूर्ण एक स्वर. माझी बहीण जिथे श्वास घेऊन सहज जायची तिथे तुमची लेक टाचा उंचावून पोचते आहे. पोरीचा गळा फाटतो आहे हो! तारा उगाच तुटत नाहीत, घोडी उगाच उखडत नाही. त्यांना निदान तुटता येते.

तुम्ही माणूस सरळ आहात, म्हणून सरळ लिहिले. बारा तारखेचा कार्यक्रम रद्द करा, किंवा गिटार एक स्वर खाली लावा. माझ्यावर विश्वास नसेल तर ज्याच्यावर असेल त्याच्याकडून तपासून घ्या, पण तपासा. दुखावले असेन तर माफी मागते. मोठ्या मेहुणीचा तेवढा हक्क धरून चालले आहे.

लोभ कमी होऊ देऊ नका.

ताई

०

दि. २९ मे

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. त्यातील आरोप गंभीर असल्याने मी तो त्याच गांभीर्याने घेतला, आणि तपासण्याची आपली सूचना शब्दशः अमलात आणली.

मी नादकाटा घेऊन आमच्या खात्याच्या प्रयोगशाळेत गेलो. माझ्या हाताखाली तयार झालेले गृहस्थ आता तेथे प्रमुख आहेत. त्यांनी यंत्रावर तीन वेळा मोजणी केली. सेकंदास चारशे चाळीस कंपने, त्रुटी नगण्य. दाखल्याची नक्कल सोबत जोडली आहे. शिक्का अस्पष्ट वाटल्यास मूळ प्रत आपण येथे येऊन पाहू शकता. माप खरे असेल तर त्यावरून लावलेला सूर खोटा असू शकत नाही. खोटे तराजू ओळखण्यात माझी एकतीस वर्षे गेली, ताई. या एका विषयात तरी आपण मला विद्यार्थी समजू नये.

तरीही मनात किंतु नको म्हणून पिपाणीस समक्ष विचारले. दाखला तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि पाटीवर लिहिले की बरोबर आहे. इतके लिहून तिने माझा हात हाती घेतला. आपल्या पत्रामुळे माझ्या मनाला लागले असेल, असे तिला वाटले असावे.

तसे काही नाही, हे आपणांसही कळवतो. बारा तारखेस अवश्य यावे. पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवतो. आपल्या बहिणीच्या माघारी आपला लोभ हाच आम्हाला आधार आहे.

आपला,
निरीक्षक

०

दि. १७ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या खोलीत बसून तुम्हाला पत्र लिहिते आहे, याचे हसू येते. पण डॉक्टरांनी हसायचीही बंदी केली आहे. एवढा मजकूर पाटीवर मावणार नाही आणि पाटी पुसावी लागते. हे पुसले जायला नको.

आठव्या गाण्यात जे झाले ते तुमच्यामुळे झाले, असे डॉक्टरांकडून आल्यापासून तुम्ही तीन दिवस मनात घोकता आहात. तुमच्या चेहऱ्यावर वाचता येते. मी वरच्या जागेवर गेले आणि तिथे काहीच नव्हते. जिन्याची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि नसावी तसे. तुम्ही दोन ओळी एकटेच वाजवत राहिलात. मग रुमालावरचे रक्त मी लपवले, पण मावशी पुढच्याच रांगेत होती. ती उभी राहिली नसती तर मी नववे गाणेही धरले असते. म्हणजे वेडी मी आहे, तुम्ही नाही.

घशाच्या डॉक्टरांनी माझा घसा तपासता तपासता तुमचा कान धरला, हे आईला फार आवडले असते. उजवीकडून त्यांनी तुम्हाला प्रश्न विचारला आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहू लागलात. मग त्यांनी तुमच्याच खिशातला नादकाटा मागून घेतला. आधी तुमच्या डाव्या कानाला लावला, मग उजव्या. तुम्ही म्हणालात की हा दुसरा काटा आहे, हा वरच्या सुराचा आहे. तोच आहे, असे ते म्हणाले. आजारी कानाला सूर असा चढा ऐकू येतो, असे त्यांनी समजावले. बाबा, तुमचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला. आई गेली त्या सकाळीही तो तसा नव्हता.

म्हणून आता खरे लिहिते. मला पहिल्यापासून कळत होते. मी बोलले नाही ते आईच्या नियमापायी नाही, तुमच्या खणातल्या सुतळीच्या गठ्ठ्यापायी. मी तो वाचला आहे. त्यावरची तारीखही. दाखला वाचून पाटीवर बरोबर आहे असे लिहिले, कारण बारा तारखेपर्यंत तुम्ही मला हवे होता. आणि त्यानंतरही हवे आहात.

तीन महिने एक शब्द नाही. नंतर कदाचित शस्त्रक्रिया. बोलणे परत येईल, गाण्याचे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते मी सोसेन. तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत बसलात तर ते मात्र सोसवणार नाही. खोली सोडू नका. काटा डाव्या कानाला लावा आणि रोज वाजवा. मी येऊन कोपऱ्यात पुठ्ठ्यांवर बसेन आणि ऐकेन. एवढे कराल ना?

हट्टी लेकीवर माया असू द्यावी.

तुमची,
पिपाणी

०

दि. ६ जुलै

सौ. गिटारबाई यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पिपाणीचे पत्र तुला शब्दशः उतरवून पाठवावे असे वाटले होते. हात धजला नाही. सारांश असा की माप खरे होते, मापणारा खोटा होता, आणि मी मापाचा दाखला घेऊन आलो. त्यावर तिने मला वाचवण्यासाठी बरोबर आहे असे लिहिले. नोकरीत असे प्रकरण माझ्यापुढे आले असते तर मी तराजू जप्त केला असता.

खणातील तो गठ्ठा मी तिच्यासमोर सोडला आणि एकेक कागद फाडला; घराचे, बँकेचे आणि विम्याचे तेवढे राहू दिले. तीन महिने तिला बोलता यायचे नाही. दारावर कोणी आले, फोन वाजला, डॉक्टरांना काही विचारायचे असले तर तिच्या वतीने बोलणारा दुसरा कोणी घरात नाही. मला कुठेही जाता येणार नाही, हे मी तिला सांगितले. ती रडली, पण आवाज न करता रडायचे, हे तिने लक्षात ठेवले.

तिच्या विनंतीप्रमाणे सोमवारपासून मी वाजवीत होतो. काटा डाव्या कानाला लावून गिटार तुझ्या पट्टीत आणली. किती खाली आली म्हणून सांगू! तारा सैल पडल्यासारख्या वाटल्या, आणि मग इतक्या दिवसांनी त्यांतून तुझा आवाज निघाला. पिपाणी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर डोळे मिटून बसली होती. तिचा चेहरा निवांत होता. मला वाटले, एवढे तरी आम्हाला उरले.

गुरुवारी उकाड्याने तिने स्कार्फ सोडून ठेवला होता. तिसऱ्या गाण्याला माझे लक्ष तिच्या गळ्याकडे गेले. ओठ बंद होते. आवाज नव्हता, श्वासही शांत होता. परंतु गळा हलत होता. मी वर गेलो की तो वर जाई, मी खाली आलो की खाली. मुद्दाम एके ठिकाणी थांबलो, तर तोही थांबला आणि वाट पाहू लागला. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की गळ्यास जखम आहे तोवर मनातल्या मनात गाणेही त्याला ओढ देते. तिला थांब म्हणून उपयोग नाही, कारण ती गाते आहे हे तिला ठाऊकच नाही. मी वाजवीन तोवर ती गाईल. तीन महिने गाईल, आणि मग गाण्यासाठी काहीच शिल्लक राहणार नाही.

आज रविवारी दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा मी खोलीवर गेलो. सहाही तारा उतरवल्या, गुंडाळून कागदात बांधल्या. गिटार पेटीत ठेवली आणि ताईंकडे पाठवण्यासाठी बुकबाइंडरच्या स्वाधीन केली. साहेब, पुन्हा कधी, असे त्याने विचारले. ते माझ्या हाती नाही, असे सांगितले. तिला मी अजून काही बोललो नाही. उठेल, स्कार्फ बांधेल आणि निघायचे ना, असे पाटीवर लिहील, तेव्हा सांगावे लागेल. ती रागावेल, आणि तो राग तिला तोंडाने काढता येणार नाही. तो मी समोर बसून वाचेन.

तिच्या गळ्यावर लक्ष ठेव. माझ्यावरील लोभाचा माझा वाटाही तिकडेच वळता कर.

तुझा,
निरीक्षक

ता. क. खिडक्या बंद केल्या. खोलीस कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या बुकबाइंडरला परत केल्या.